‘ग्लीन’ म्हणजे सरवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत गेले काही आठवडे एक जाहिरात येते आहे : ‘३० दिवसांत ३००० शब्द, जीआरई व्हर्बलची हमी’. जीआरई ही परदेशी विद्यापीठांत पुढच्या शिक्षणासाठी द्यायची प्रवेश परीक्षा आणि व्हर्बल हा तिचा इंग्रजी भाषेचा भाग. जाहिरात कुणी दिली याच्याशी मला देणेघेणे नाही आणि पैसे देऊन छापून घेतलेल्या मजकुराचा जाब मी संपादकांना विचारणार नाही. पण आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने ती कापून टेबलाला चिकटपट्टीने लावली आहे आणि तिच्याखाली निळ्या पेनने ‘रोज १००’ असे लिहून ठेवले आहे. फेरी मारताना तो आकडा रोज डोळ्यांसमोर येतो, म्हणून हे पत्र.

रोज शंभर शब्द. एका शब्दाला दोन मिनिटे धरली तरी तीन तास वीस मिनिटे झाली, तीही कालच्या शंभरांची उजळणी न करता. हा मुलगा दिवसा एका वर्कशॉपमध्ये काम करतो आणि संध्याकाळी सातला अभ्यासिकेत येतो. त्याने हा हिशोब केलेला नाही. महिन्याभराने शब्द डोक्यात राहिले नाहीत की तो हिशोबाला दोष देणार नाही, स्वतःच्या डोक्याला देईल. हे मी आधी एकदा पाहिले आहे.

मी तासगाव तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात चोवीस वर्षे ग्रंथपाल आहे. आमच्या अभ्यासिकेत सेहेचाळीस जागा आहेत. त्यातल्या चाळीसेक एमपीएससी, पोलीस भरती आणि बँकेची मुले धरून असतात. परदेशी शिकायला जायचे म्हणून जीआरईची तयारी करणारे वर्षाला दोन-तीन येतात. बहुतेक इंजिनिअर झालेले, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. क्व्हांटची, म्हणजे गणिताच्या भागाची, त्यांना भीती नसते. व्हर्बल म्हटले की चेहरा उतरतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला अशीच एक मुलगी आली. तिचे नाव लिहीत नाही, तिनेच तशी विनंती केली आहे. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग, शिवाय थोडे भुईमुगाचे आणि शाळूचे रान. ती मोठ्या शहरातल्या एका क्लासला तीन महिने राहून आली होती. फी अडतीस हजार, राहणे-जेवण वेगळे. परीक्षेची फी वीस हजारांच्या वर, ती अजून भरायचीच होती. क्लासने दिलेली वर्डलिस्ट तिच्या पिशवीत होती. स्पायरल बाइंडिंग केलेली, झेरॉक्सवर झेरॉक्स काढून अक्षरे पुसट झालेली. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजीतच दोन-तीन समानार्थी शब्द. वाक्य एकही नाही. क्लासमधल्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावले होते, ‘मराठीत विचार करणे आधी बंद करा. नाहीतर व्हर्बल विसरा.’

तिने ते इतके मनावर घेतले होते की घरी आईशी बोलतानाही मनातल्या मनात इंग्रजी वाक्ये जुळवायची. पहिल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, तिला व्हर्बलमध्ये १४३ आले. १३० ते १७० ची पट्टी असते, म्हणजे काय आले ते वाचकांच्या लक्षात येईल. ती मला म्हणाली, ‘मॅडम, शब्द पाठ आहेत हो माझे. तुम्ही कुठलाही विचारा.’ मी यादीत बोट ठेवले, ‘ॲबेट’. तिने फटकन सांगितले, ‘सब्साइड.’ मी विचारले, ‘सब्साइड म्हणजे?’ ‘ॲबेट.’ ‘बाळ, पण होते काय नक्की?’ ती गप्प झाली. खिडकीबाहेर पाऊस पडत होता. तासभर झोडपून नुकताच जरा कमी झाला होता. मी बाहेर बोट दाखवले आणि म्हटले, ‘हे झाले ते. पाऊस ओसरला.’ तिने पहिल्यांदा शब्दाकडे नीट पाहिले असावे. म्हणाली, ‘ओसरणे! मग पूर ओसरतो, ताप ओसरतो, गर्दी ओसरते. सगळ्याला हाच?’ मी म्हटले, ‘बहुतेक ठिकाणी चालेल. वाक्य बघूनच ठरवायचे.’

त्या दिवसापासून आम्ही ती वर्डलिस्ट बाजूला ठेवली.

आमच्या वाचनालयाची तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, संगणकावर गेली तेव्हा जुन्या तालिका कार्डांचे कोरे गठ्ठे तसेच राहिले होते. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचे जाड कार्ड, खाली मधोमध भोक. ज्या लाकडी खणात ती कार्डे पितळी सळईत ओवलेली असत, तसा एक खणही माळ्यावर होता. मी तो पुसून तिच्या टेबलावर ठेवला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून त्याचे पाच कप्पे केले. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात. अर्थ आणि वाक्य बरोबर आले तर पुढच्या कप्प्यात, चुकले तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने आणि पाचवा पंधरवड्याने. ही माझी युक्ती नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात कार्डांची पेटी म्हणून हीच पद्धत मांडली. पाठ केलेले माणूस किती वेगाने विसरतो याची मोजदाद तर हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून छापली होती. आजची फ्लॅशकार्डची ॲप याच तत्त्वावर चालतात. आम्हाला लाकडी खण बरा वाटला, कारण कार्ड पाचव्या कप्प्यातून पहिल्यात परत टाकताना हाताला ते जाणवते.

रोज सहा कार्डे, रविवारी नवे काही नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि देवनागरीत उच्चार. मागे आधी मराठीतला अर्थ, मग स्वतः रचलेले मराठी वाक्य, त्याखाली वर्तमानपत्रातून किंवा पुस्तकातून उतरवून घेतलेले इंग्रजी वाक्य. मराठी अर्थ कोशातलाच हवा अशी सक्ती नव्हती, बोलण्यातला हवा अशी होती. ‘लगूब्रियस’ला तिने कोशातून ‘शोकपूर्ण’ लिहून आणले. मी विचारले, ‘असे तोंड करून कुणी आले तर तुझी आई काय म्हणेल?’ ती हसली आणि लिहिले, ‘सुतकी चेहऱ्याचा’. ‘प्रिव्हॅरिकेट’ला ‘उडवाउडवीची उत्तरे देणे’. ‘कॅप्शस’ला ‘खुसपट काढणारा’. ‘ऑब्सीक्विअस’ला ‘हांजी हांजी करणारा’. ‘क्वालिफाइड प्रेज’वर ती दोन दिवस अडली होती, कारण क्वालिफाइड म्हणजे पात्र एवढेच तिला ठाऊक होते. तिथे ‘हातचे राखून केलेली स्तुती’ असे लिहिल्यावर ते कार्ड पुन्हा कधी पहिल्या कप्प्यात आले नाही.

आता ज्या संध्याकाळसाठी मुख्यतः हे पत्र लिहिते आहे, तिच्याविषयी.

सप्टेंबर संपत आला होता. भुईमुगाची काढणी सुरू होती. तिचे वडील तिला न्यायला मोटारसायकलवरून आले आणि वाचनालय बंद व्हायला वेळ होता म्हणून वर्तमानपत्रांच्या स्टँडपाशी बाकावर बसले. नखांत माती होती. मुलगी ‘ग्लीन’ या शब्दावर अडली होती. वर्डलिस्टप्रमाणे अर्थ ‘माहिती थोडी थोडी गोळा करणे’. तिला तो धरता येत नव्हता, कारण ‘गॅदर’ आणि ‘कलेक्ट’पेक्षा यात वेगळे काय तेच कळत नव्हते. मी सांगू लागले, की मुळात हा शेतातला शब्द आहे, पीक काढून नेल्यावर रानात मागे राहिलेले वेचतात, ते.

बाकावरून आवाज आला, ‘त्याला सरवा म्हणत्यात की, मॅडम.’

आम्ही दोघी वळलो. ते जरा संकोचले, पण बोलत राहिले. ‘शेंगा काढल्यावर मातीत ऱ्हायलेल्या वेचायच्या. हिची आजी जायची सरव्याला, लोकांच्या रानात. दिवसभर वाकून वेचलं की सांजंला पदरात शेर-दीड शेर. ज्याचं रान त्यानं सरव्याला न्हाई म्हणायचं नसतंय.’

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने कार्डाच्या मागे ‘सरवा वेचणे’ लिहिले आणि त्याखाली मराठी वाक्य लिहिले, ते मी तिच्या परवानगीने इथे देते : ‘मोठ्या लोकांनी संशोधन करून नेल्यावर जे कागदांत मागे राहिले, त्याचा मी सरवा वेचला.’ त्या शब्दाला दुसरा कुठलाही अर्थ एवढा चपखल बसला नसता. कुणीतरी भरघोस पीक आधीच नेलेले आहे, उरले ते तुरळक आहे, आणि ते मिळवायला वाकावे लागते, हे सगळे त्यात आले.

नंतर अर्धा तास त्या तिसऱ्या माणसाने आम्हाला शिकवले. मी शब्दाचे वर्णन करायचे, ते मराठी शब्द सांगायचे. ‘विनो’ म्हणजे उफणणे, ‘चाफ’ म्हणजे उफणल्यावर उडते ते भूस. ‘फॅलो’ म्हणजे पडीक ठेवलेले रान. ‘हॅरो’ म्हणजे कुळव. ‘हॅरोइंग’ अनुभव म्हणजे काय हे सांगताना मुलगी आपणहून म्हणाली, ‘अंगावरून कुळव फिरल्यासारखा.’ ‘डेसिकेट’ला तिने ‘शेडवर बेदाणा सुकतो तसे’ असे लिहिले. आमच्या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘रिकॅल्सिट्रंट’, म्हणजे हट्टी, या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला टाचेने लाथ मारणे असा अर्थ आहे, असे मी वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे दावणीला लाथा झाडणारं जनावर.’ आणि ‘डिलिरियस’, म्हणजे भ्रमात बरळणारा, याचा उगम तर त्यांना सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. लॅटिनमध्ये ‘लीरा’ म्हणजे नांगराचे तास. तास सोडून भरकटणे, तो डिलिरियम. त्यांनी मान हलवली. ‘तास सोडलं बैलानं.’ एवढेच म्हणाले.

त्या माणसाची शाळा सातवीत सुटली होती. मुलगी क्लासला होती तेव्हा फोनवर त्यांच्याशी नीट बोलायची नाही, कारण मराठीत विचार करायचा नाही असे तिला सांगितले गेले होते. ज्यांनी सांगितले त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण शहाणपण असे कुणी सांगू नये. पंचवीस वर्षांची मुलगी जगातल्या वस्तू, माणसे, त्यांचे स्वभाव, त्यांच्या लबाड्या सगळे मराठीतून ओळखते. ते सारे बाहेर ठेवून आत या म्हटले, तर ती रिकाम्या हाताने आत येते आणि शब्दाला शब्द बांधत बसते : ॲबेट म्हणजे सब्साइड, सब्साइड म्हणजे ॲबेट.

शिवाय परीक्षा स्वतःच आता पाठांतराची राहिलेली नाही. ऑगस्ट २०११ पर्यंत जीआरईत सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी आणि शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न असत. तेव्हा साडेतीन हजार शब्दांच्या याद्यांना निदान काही अर्थ होता. अमेरिकेत प्रिन्स्टनला असलेल्या ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ते दोन्ही प्रकार काढून टाकले. आता प्रत्येक शब्द वाक्यात येतो. सप्टेंबर २०२३ पासून तर परीक्षा आणखी आखूड झाली, सगळी मिळून १ तास ५८ मिनिटे. व्हर्बलचे दोन भाग, १२ आणि १५ असे एकूण २७ प्रश्न, त्यातले जवळपास निम्मे उताऱ्यांवरचे. पहिल्या भागात कसे जमले त्यावर दुसरा भाग सोपा की अवघड ते ठरते. जाहिराती मात्र अजून तीन हजारांच्याच.

व्हर्बलमध्ये प्रश्नांचा एक प्रकार असा असतो : एक वाक्य, एक गाळलेली जागा, सहा पर्याय. त्यातले दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे, आणि एक बरोबर एक चूक असेल तर शून्य. मी तिला हा प्रकार आधी मराठीत घालून दिला. ‘ग्रामसभेत तास तास बोलणारे अण्णा घरी आले की मात्र ____ असतात.’ पर्याय : दमलेले, अबोल, प्रेमळ, मितभाषी, रागीट, चिक्कू. व्याकरणाने सहाही चालतात. ‘दमलेले’ मोहात पाडते, कारण तासभर बोलून माणूस दमणारच. पण वाक्यातला ‘मात्र’ सांगतो की बोलण्याच्या उलट काहीतरी हवे, आणि ‘दमलेले’ला जोडीदारही नाही. ‘अबोल’ आणि ‘मितभाषी’. हे तिला अर्ध्या मिनिटात आले. मग तेच वाक्य इंग्रजीत, ‘टॅसिटर्न’ आणि ‘रेटिसंट’ घालून. तोवर ती इंग्रजी वाक्यात आधी अवघड शब्दावर झडप घालायची. आता ती आधी ‘मात्र’ शोधू लागली, ‘जरी-तरी’ शोधू लागली. ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘फार फ्रॉम’ यांच्याखाली पेन्सिलची रेघ, मग बाकीचे. माझ्या मते गुण वाढले ते या रेघेने जास्त आणि शब्दांनी कमी.

छटांबद्दलही थोडे लिहिते. वर्डलिस्टमध्ये ‘थ्रिफ्टी, फ्रूगल, पार्सिमोनिअस, मायझर्ली’ हे सगळे एका ओळीत होते. मराठीत काटकसरी म्हटले की ती शाबासकी असते, चिक्कू म्हटले की टीका, आणि कवडीचुंबक म्हटले की भांडण. हे कुणाला शिकवावे लागत नाही. ‘फ्रूगल’ काटकसरी, ‘पार्सिमोनिअस’ चिक्कू, असे लावले की कुठला शब्द कौतुकाच्या वाक्यात बसतो आणि कुठला नाही हे आपोआप कळते. तसेच ‘गॅर्युलस’ म्हणजे वटवट्या. त्याला नुसता ‘बोलका’ म्हटले तर वाक्याचा सूरच चुकेल.

आमच्या संदर्भ विभागात मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला आणि थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश पुनर्मुद्रणाच्या रूपात आहे. त्यात इंग्रजी शब्दापुढे नुसता संस्कृत प्रतिशब्द टाकून हात झटकलेले नाहीत. लोकांच्या तोंडचे शब्द आणि वाक्प्रचार रांगेने दिले आहेत. काही जुने झाले, काही आजही जसेच्या तसे चालतात. जीआरईच्या अभ्यासाला हा कोश कुणी सुचवत नाही. त्या मुलीने चार महिने तो रोज उघडला.

संस्कृतची थोडी तोंडओळख असलेल्या मुलांना आणखी एक आधार आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे सांगितले, ते या शब्दांत पानोपानी दिसते. ‘ॲग्नॉस्टिक’, म्हणजे अज्ञेयवादी, यातला ‘अ’ आपला नकाराचा ‘अ’ आहे आणि ‘ग्नॉ’ म्हणजे ‘ज्ञा’. ‘डिस’ने सुरू होणाऱ्या ग्रीक घडणीच्या शब्दांत, म्हणजे ‘डिस्पेप्टिक’ (अपचन झालेला) यासारख्यांत, आपला ‘दुस्’ आहे. ‘मॅग्नॅनिमस’ची फोड मोठा आणि मन किंवा आत्मा अशी होते, अगदी ‘महात्मा’सारखी, आणि ‘मॅग्ना’ व ‘महा’ ही तर सख्खी भावंडे. मराठीत आपण म्हणतोच, मोठ्या मनाचा माणूस. मात्र इथे सावध राहावे लागते. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळतेच असे नाही. ‘एनर्व्हेट’ ऐकून ‘एनर्जी’ आठवते आणि मुले नेमका उलटा अर्थ लिहून येतात. त्याच्या मुळाशी स्नायू काढून घेणे आहे, म्हणजे गलितगात्र करणे. आणि ‘सँक्शन’चा अर्थ मंजुरीही आहे, निर्बंधही. तिथे एका मराठी शब्दाने भागत नाही, दोन वाक्ये लिहावीच लागतात.

एका कार्डापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ‘परायाह’. वर्डलिस्टमध्ये त्यापुढे एकच शब्द, ‘आउटकास्ट’. हा शब्द इंग्रजीत तमिळमधून गेला. परैयर या जातीचे ते नाव, ‘परै’ हे ढोलासारखे वाद्य वाजवणाऱ्यांचे. एका जातीचे नाव जगभर ‘वाळीत टाकलेला’ या अर्थाने चालू राहिले आहे. मी तिला म्हटले, परीक्षेत आला तर उत्तर लिही, पण कार्डावर हेही लिही. तिने लिहिले. परदेशात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे ठाऊक नसेल तर शब्दसंग्रह वाढला असे मी म्हणणार नाही.

मराठीवरच थांबावे असे कृपया कुणी समजू नये. मराठी अर्थ हा घरातला उंबरठा आहे, तिथून बाहेर पडायचेच असते. पाचव्या कप्प्यात गेलेल्या कार्डाचा मराठी अर्थ ती बोटाने झाकायची आणि फक्त इंग्रजी वाक्य वाचायची. रोज अर्धा तास इंग्रजी अग्रलेख किंवा विज्ञानावरचा लेख, कोश न उघडता, पहिल्यांदा सलग. उताऱ्यांचे प्रश्न तिला शेवटपर्यंत जड गेले, ते खोटे सांगून काय करू. कार्डांनी तेवढे होत नाही, त्याला वर्षानुवर्षांचे वाचन लागते. ईटीएसच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेपच्या दोन सराव परीक्षा मोफत मिळतात. त्यातली एक तिने अगदी शेवटी राखून ठेवली होती, ते शहाणपणाचे झाले.

नोव्हेंबरमध्ये परीक्षा झाली. व्हर्बल १५४. पाच महिन्यांत सातशे चाळीस कार्डे झाली होती, त्यातली एकशे साठ अजून पहिल्या दोन कप्प्यांत होती. पुढे तिचे काय झाले ते मी लिहीत नाही. प्रवेश एका आकड्यावर मिळत नाही, आणि करोनाच्या काळापासून तर बऱ्याच विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केली आहे. पण जिथे ती अजून लागते तिथे आमच्याकडची मुले व्हर्बलच्या धास्तीने अर्जच करत नाहीत, हे मी दरवर्षी बघते.

आपल्याकडे माझे मागणे एकच आहे. आपली शिक्षण पुरवणी आमच्याकडे येते त्या दिवशी अभ्यासिकेत हातोहात फिरते, चुरगळून जाते. त्या पुरवणीत आठवड्यातून एकदा बारा शब्दांची चौकट द्या. शब्द, उच्चार, बोलीतला मराठी अर्थ, एक मराठी वाक्य आणि एक इंग्रजी वाक्य. इंग्रजी वाक्य एखाद्या चालू बातमीवर बेतलेले असले तर फारच चांगले. वाचकांना आवाहन करा, की आपापल्या भागातले शब्द पाठवा. कोकणातली माणसे होडीचे आणि पाण्याचे शब्द पाठवतील, विदर्भातली कापसाचे. ‘बॉम्बॅस्ट’, म्हणजे पोकळ फुगवलेली भाषा, हा मुळात कपड्यात भरायचा कापूस होता. गादीवाल्यालाही त्यावर दोन शब्द सांगता येतील. ‘ॲग्रिगेट’, ‘सेग्रिगेट’, ‘ग्रेगेरिअस’, ‘इग्रीजस’ या चारही शब्दांच्या पोटात लॅटिनमधला कळप आहे. आटपाडी-जतकडचा मेंढपाळ कळपात आणणे, कळपातून काढणे, कळपात रमणे, कळपाबाहेर उठून दिसणे याला काय काय म्हणतो ते मला स्वतःला ऐकायचे आहे.

सुरुवातीसाठी त्या मुलीची सातशे चाळीस कार्डे आमच्याकडेच आहेत. जाताना ती खणासकट ठेवून गेली. ‘रोज १००’ लिहिणाऱ्या मुलाच्या टेबलावर मी काल तो खण नेऊन ठेवला. त्याने पहिल्या दिवशी सहाच कार्डे काढली आणि ‘फॅलो’च्या मागे आपल्या आजोळचा शब्द पेन्सिलने लिहिला. आपली तयारी असेल तर सगळ्या कार्डांच्या छायाप्रती काढून मी पाठवते. खर्च वाचनालय करील, आमच्या कार्यकारी मंडळाने तसा होकार दिला आहे. पत्र लांबले आहे, जागेअभावी कापावे लागले तर माझ्याबद्दलचे कापा, सरव्याचे तेवढे राहू द्या.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल
ता. तासगाव, जि. सांगली